तीनवर

सकाळी आठवर असते मी.
राजारामपुरीतल्या डेंटिस्टच्या अपॉइंटमेंट,
हुपरीच्या चांदीवाल्यांची पैंजणं, बोटानं फिरवून बघता येतील अशी,
सगळं आठव्या व्हर्जनवर,
हलकं, हाक मारायच्या आधी ओ देणारं.

अडीचच्या सुमारास उद्यमनगरातनं फोन येतो.
नेजदार फौंड्री.
"मॅडम, ऑर्डर घेईना झालंय बघा परत."
मी डबा झाकून ठेवते,
काळ्या खिडकीत एक ओळ लिहिते
आणि तीनवर येते.

एवढंच असतं. एक ओळ, शेवटी एक आकडा.
लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागतो,
जुनी पॅकेजेस एकेक करून उतरतात,
निम्म्यांना आता वालीच नाही;
पिवळ्या अक्षरांत तसं लिहून येतं:
इकडं कोणी बघत नाही आता,
वापरा, तुमच्या जबाबदारीवर.

तीनमध्ये तौफिक आहे.
म्हणजे तो हिंजवडीला आहे, सहा वर्षं झाली,
मिरजेला लग्नात भेटला ते शेवटचं,
पण इथं अजून शेजारच्या खुर्चीत मांडी घालून बसलेला,
जागोजागी शेरे मारत:
"हे का चालतंय ठाऊक नाही. हात लावू नको."
"पगार वाढला की नीट लिहीन."
"रात्रीचे दोन. उद्या करतो."
दोनशे अकराव्या ओळीवर
तो उद्या अजून तसाच.

मी केला होता प्रयत्न.
गेल्या दिवाळीआधी तीन आठवडे
नेजदारांना आठवर ओढत होते,
तर दर, वजन, गाडीभाडं सगळं एकमेकांत सांडलं.
सांगायला म्हणून फौंड्रीत गेले,
मालक जेवायला गेलेले,
बापू सुतार म्हणाले, चला वर, बसून काय करताय.

माळ्यावर लाकडी पॅटर्न. शेकड्यांनी.
लाल रंग उडालेले, खडूनं नंबर घातलेले,
मधेच एका पोकळीत चिमणीनं काड्या आणून ठेवलेल्या.
"ह्ये पाच हॉर्सपावरचं हेड.
कंपनी बंद पडून तीस वर्सं झाली.
गगनबावड्याकडं एक इंजन चालू हाय अजून.
वर्सा-दोन वर्साला मागनी येती.
उतरवायचा, पुसायचा, वाळूत दाबायचा, परत वर."
नवीन का नाही करत बापू?
"नव्या इंजनाला नवं की. ह्याला ह्येच."

मग खिशातनं पट्टी काढली, पितळी, झिजलेली.
माझ्या पट्टीशेजारी ठेवली,
तर तिचा फूट माझ्या फुटाहून जरा मोठा.
"लोखंड निवताना आकसतं.
त्येवढं आधीच धराय लागतं.
समोरच्याला वाटतं, म्हाताऱ्याची पट्टी चुकीची हाय."

परत आले आणि आठवरचं ते फोल्डर
पुसलं नाही, पण उघडलंही नाही.

आज काय बिघडलं होतं, तर काहीच नाही.
कुणीतरी मोबाइलवरनं पिनकोड मराठी आकड्यांत टाकलेला.
तौफिकच्या कोडला चार म्हणजे चार कळत नव्हता,
पाया मोडून लिहिला की.
एका ओळीचं काम.
ऑर्डर गेली: हेड, एक नग. गाव बघितलं नाही मी.
हात लावू नकोच्या खाली लिहिलं,
"लावला. माफ कर. आकडे आता दोन्ही चालतात."
वाचणारं कोण आहे, मीच.

सहाला डेंटिस्टचा फोन, पान उघडत नाही म्हणून.
माझ्याकडं लावून बघितलं
तर सगळं लाल, बटणं तळाशी जाऊन पडलेली,
घाम फुटला, एक एक फाइल चाळली,
त्याचं तर नेटच गेलं होतं, नंतर कळलं.
तोवर लॅपटॉपला विचारून झालं होतं,
बाबा, कितीवर आहेस?

तीन, म्हणाला.

खाली दुकानं शटर ओढत होती.
मी लगेच काही लिहिलं नाही.